बहाराचे पैसे आणि कार्बनची सायकल

अचलपूर तालुक्यातून एका संत्रा बागायतदार वडिलांचं पत्र आलं आहे. थोडं आवरून देते.

"ताई, माझी मुलगी सोळा वर्षांची, अकरावी सायन्सला आहे. आठवीत मानव विकासची सायकल मिळाली, तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नाही. मागच्या वर्षी तिच्या मामानं जुनी गिअरची सायकल दिली. आता दर रविवारी परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढून येते. तालुक्याच्या स्पर्धेत मुलींचा गटच नव्हता, तर पोट्ट्यांमध्ये उतरून चौथी आली. म्हणते, मले प्रोफेशनल सायकलपटू व्हायचं आहे, टूर द फ्रान्स खेळायची आहे. अमरावतीच्या दुकानात पावणेतीन लाखांची कार्बनची सायकल पाहून आली. मृग बहार व्यापाऱ्याला दिला, त्याचे पैसे हातात आहेत, पण त्यातच सोसायटीचं कर्ज फेडायचं आहे. तिची माय म्हणते, पोरगी उन्हात करपली, उद्या हातपाय मोडले तर काय. साडू म्हणतात, बारावी होऊ द्या, मग पाहू. यात पोट भरते का? सायकल घेऊ का नको? खरं सांगजा."

भाऊ, खरं सांगा म्हणालात म्हणून आधी तेच सांगते. ती पावणेतीन लाखांची सायकल यंदा घेऊ नका. सोसायटीचं कर्ज फेडा. पण मुलीला थांबवू नका, आणि बारावी होईपर्यंत वाटही पाहू नका. या खेळात सतरावं आणि अठरावं वर्ष फार मोलाचं असतं. बारावीनंतर पाहू म्हणाल तर त्यातलं बरंचसं हातचं गेलेलं असेल.

मी स्वतः राज्य पातळीवर सायकल चालवली आहे, आता मुलामुलींना शिकवते. घाट चढणारी मुलगी पाहिली की मला मनापासून आनंद होतो. धामणगाव गढीच्या पुढे चढ सुरू होतो, मोथा येईपर्यंत पाय भरून येतात आणि वर चिखलदरा साधारण ११०० मीटर उंचीवर. हे अंतर ती जुन्या सायकलवर दर आठवड्याला, कुणी न सांगता जात असेल तर दम आणि जिद्द दोन्ही आहेत, हे मी मान्य करते. पण घाटात ती एकटी असते, भाऊ. रस्त्यावरची शर्यत एकटीची नसते. तिला अजून काय माहीत नाही, ते इथेच आहे.

सपाट रस्त्यावर सायकलपटूची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. पुढच्या सायकलच्या मागे, हात-दीड हात अंतर ठेवून चाक पकडलं, तर साधारण एक तृतीयांश श्रम वाचतात. म्हणून शंभर-दीडशे जणी घोळक्यानं चालतात. त्या घोळक्यात खांद्याला खांदा लागत असताना ताशी चाळीसच्या वेगानं सरळ रेषेत राहणं, वारा आडवा लागला की कुठल्या बाजूला सरकायचं ते कळणं, वळणाआधी पुढे येणं, कुणाचा हल्ला, म्हणजे अचानक वेग वाढवून पुढे निसटणं, खरा आणि कुणाचा नुसता दाखवायचा हे ओळखणं, हे सगळं शर्यतीतच शिकता येतं. घाटात दहा वर्षं सायकल चालवली तरी ते येत नाही, आणि पावणेतीन लाखांच्या सायकलसोबतही ते मिळत नाही.

दुसरी गोष्ट, या व्यवसायात बहुतेक जणी जिंकण्यासाठी नोकरीवर नसतातच. संघाची एक प्रमुख असते. बाकीच्यांचं काम तिला वाऱ्यापासून झाकायचं, मागच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या आणून द्यायच्या, तिची सायकल पंक्चर झाली तर थांबून तिला परत घोळक्यात पोचवायचं. टूर द फ्रान्स ही अनेक दिवसांच्या टप्प्यांची शर्यत, सगळ्या टप्प्यांची वेळ मिळवून निकाल लागतो. २०२४ च्या महिलांच्या टूरमध्ये नामवंत डेमी वॉलरिंग पाचव्या टप्प्यात शेवटच्या काही किलोमीटरवर पडली. तिला परत पुढे ओढून नेणारं त्या वेळी जवळ कुणी नव्हतं. त्या दिवशी पावणेदोन मिनिटांच्या आसपास वेळ गेला. शेवटच्या दिवशी आल्प द्युएझचा डोंगर तिनंच जिंकला, तरी पूर्ण शर्यत अवघ्या ४ सेकंदांनी कासिया नेविआदोमाकडे गेली. सोबतच्या रायडरचं काम किती मोलाचं असतं ते यावरून कळावं. तुमच्या मुलीला विचारा: दुसरीच्या विजयासाठी दिवसभर वारा खायला आवडेल का? या प्रश्नाचं तिचं उत्तर मला घाटातल्या तिच्या वेळेपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता पोटाचा प्रश्न.

रस्त्यावरच्या सायकलिंगचा पगारी धंदा आजही मुख्यतः युरोपात आहे. बेल्जियम, फ्रान्स, इटली, स्पेन, नेदरलँड्स. शर्यत रस्त्यावर होते, पाहायला तिकीट नसतं, म्हणून संघ प्रायोजकाच्या पैशावर चालतो आणि संघाला नावही प्रायोजकाचंच असतं. प्रायोजक गेला की अख्खा संघ बंद पडतो. करार एक-दोन वर्षांचे असतात. महिलांची वर्ल्ड टूर, म्हणजे सगळ्यांत वरच्या दर्जाच्या शर्यतींची मालिका, २०१६ मध्ये सुरू झाली आणि तिच्यातल्या संघांना किमान पगाराचं बंधन आलं २०२० मध्ये: वर्षाला १५,००० युरो, तेव्हाच्या दरानं बारा लाखांच्या आसपास. पुढे ती रक्कम दुपटीच्या वर गेली, हे चांगलंच झालं. पण असे संघ पंधराच्या आसपास, एकेका संघात पंधरा-अठरा जणी. म्हणजे अख्ख्या जगात अडीचशेच्या आतबाहेर मुलींची ही नोकरी. त्याखालच्या दर्जाच्या कॉन्टिनेन्टल संघांना सायकलिंगच्या जागतिक संघटनेनं किमान पगार घालून दिलेला नाही. तिथे कितीतरी मुली फुकट किंवा खाण्याराहण्यावर शर्यती करतात.

आणि आपला देश? टूर द फ्रान्समध्ये, पुरुषांच्या किंवा महिलांच्या, आजवर एकही भारतीय उतरलेला नाही. ऑलिंपिकमध्ये भारतीय सायकलपटू शेवटचे दिसले ते १९६४ मध्ये, टोकियोला. २०२६ च्या जानेवारीत पुणे जिल्ह्यात पुणे ग्रँड टूर झाली, ४३७ किलोमीटरची, जागतिक संघटनेच्या कॅलेंडरमधली. परदेशी संघ आपल्या घाटांत आले. मला त्याचं फार अप्रूप वाटलं, पण ती पुरुषांची शर्यत होती. मुलींसाठी तशी अजून व्हायची आहे.

हे वाचून तिचं मन मोडू नये, म्हणून दोन नावं तिला सांगा. एरिट्रिया नावाचा आफ्रिकेतला छोटा, गरीब देश आहे. तिथल्या बिनियम गिरमायला स्वित्झर्लंडमधल्या एग्लच्या जागतिक सायकलिंग केंद्रात शिकायची संधी मिळाली, आणि २०२४ च्या टूरमध्ये त्यानं ३ टप्पे जिंकून टप्प्यांतल्या गुणांत पहिल्या येणाऱ्याला मिळणारी हिरवी जर्सी घरी नेली. दुसरी अॅना किसेनहोफर. ऑस्ट्रियाची, गणितात पीएच.डी., कुठल्याही व्यावसायिक संघाचा करार नसलेली. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकच्या शर्यतीत ती सुरुवातीलाच पुढे निसटली. मागच्या नामवंत खेळाडूंना पुढे अजून एक जण आहे याचा पत्ताच उरला नाही. दुसरी आलेल्या आनेमीक फान फ्ल्यूटेननं तर आपणच जिंकलो समजून हात वर केले. किसेनहोफर आपला सगळा हिशेब स्वतः मांडायची: वेग, खाणं, उष्णता, सगळं. सायन्स घेतलेल्या मुलीनं हे नाव लक्षात ठेवावं. अभ्यास खेळाच्या आड येतो असं घरात कुणी म्हणालं तर तेव्हाही.

तुमच्याकडे आणखी एक गोंधळ नक्की होईल, म्हणून आधीच सांगते. विदर्भात ब्रेव्हे चालवणारे पुष्कळ आहेत: २००, ३००, ४००, ६०० किलोमीटर, ठरलेल्या वेळेत पूर्ण केलं की पदक. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पार करायची रेस अॅक्रॉस अमेरिका एकट्यानं पूर्ण केली, त्याचा मला अभिमान आहे. पण ते लांब पल्ल्याचं वेगळं जग आहे. ब्रेव्हे ही शर्यत नसते, तिच्यात पहिला-दुसरा नंबर नसतो, आणि तिचं पदक दाखवून कुठला संघ घेत नाही. सोळाव्या वर्षी ६०० किलोमीटर रात्रीबेरात्री चालवायच्या मोहात तिला पडू देऊ नका.

भारतात सायकलवर पोट भरतं ते दुसऱ्या वाटेनं. राष्ट्रीय स्पर्धांत वर्षानुवर्षं पुढे दिसतात ते रेल्वे आणि सेनादलांचे खेळाडू, कारण त्यांना नोकरी आहे, पगार आहे आणि सरावाला वेळ आहे. रेल्वेची खेळाडू भरती, पोलीस, महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण, पतियाळ्याच्या एनआयएस या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षक पदविका अभ्यासक्रम, शारीरिक शिक्षणाची पदवी. ही शेवटची तर तुमच्या अंगणातच आहे: अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे. टूर द फ्रान्सच्या मानानं हे लहान वाटेल. मला वाटत नाही. राष्ट्रीय पदक मिळवून रेल्वेत लागलेली आणि सुटीत गावच्या मुलींना चाक पकडायला शिकवणारी बाई, हेसुद्धा सायकलनं घडवलेलं आयुष्यच आहे.

एक सावधगिरी मात्र ठेवा. चौकात पोस्टर लागतं, 'भव्य खुली सायकल स्पर्धा, रोख बक्षीस'. त्या प्रमाणपत्राचा नोकरीला उपयोग होत नाही. शालेय क्रीडा स्पर्धा, मान्यताप्राप्त संघटनेची राज्य अजिंक्यपद, राष्ट्रीय स्पर्धा, खेलो इंडिया, अशा ठिकाणची प्रमाणपत्रं जपून ठेवा. पुढे त्यांची पडताळणी होते. कुठली स्पर्धा यादीत बसते हे अमरावतीला जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात स्वतः जाऊन विचारा. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, त्याचाही अर्ज तिथेच समजेल. कॉलेजच्या क्रीडा शिक्षकांना आजच सांगून ठेवा की मुलगी सायकलिंगसाठी नाव देणार आहे. आमच्या भागातून कुणीच जात नाही म्हणून अर्जच जात नाही, हे मी फार ठिकाणी पाहिलं आहे.

ज्युनिअर गट म्हणजे ज्या कॅलेंडर वर्षात सतरा पूर्ण होतात ते वर्ष आणि त्यानंतरचं. ही दोन वर्षं तिला मनापासून द्या. त्यात तिनं काय करावं? मोठ्या शर्यतींत ज्युनिअर मुलींचं अंतर ८० किलोमीटरपर्यंत असतं, म्हणून दीडदोनशे किलोमीटर तुडवण्याची गरज नाही. आठवड्यातून चार-पाच दिवस सायकल, त्यातला एक दिवस घाट, एक दिवस छोटे जोरदार तुकडे, आणि जमेल त्या रविवारी अमरावती किंवा नागपूरच्या रायडरांच्या घोळक्यात. घाटाची वेळ महिन्यातून एकदाच मोजा, त्याच दोन खुणांच्या मध्ये, त्याच सायकलवर. दर रविवारी घड्याळ लावलं की शरीराला विश्रांतीच मिळत नाही. वैयक्तिक टाइम ट्रायलवर मी तिच्याबाबतीत जास्त भर देईन. एकटीनं घड्याळाविरुद्ध जायची ही शर्यत आहे आणि एकटीनं दम धरायची सवय तिला आहेच. घोळक्याचं कौशल्य येईपर्यंत पदकाची आशा तिथेच जास्त.

शिवाय ट्रॅकचं दार बंद करू नका. भारताची खरी प्रगती वेलोड्रोमवर, म्हणजे सायकलसाठी बांधलेल्या गोल ट्रॅकवर झाली आहे. २०१९ मध्ये आपल्या ज्युनिअर मुलांनी टीम स्प्रिंटमध्ये जागतिक सुवर्ण मिळवलं. राष्ट्रीय अकादमी दिल्लीला इंदिरा गांधी स्टेडियममध्ये आहे, पुण्यात बालेवाडीला ट्रॅक आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या इंगळी गावची पूजा दानोळे २०२० मध्ये गुवाहाटीच्या खेलो इंडियात सुवर्णपदकं घेऊन आली. गावातली मुलगी तिथे पोचू शकते, हे तुमच्या घरात मोठ्यानं सांगा. खेलो इंडियाच्या शिष्यवृत्तीत निवड झाली तर महिन्याला १०,००० रुपये हातखर्चाला मिळतात आणि प्रशिक्षणाचा खर्च वेगळा उचलला जातो.

आता सायकल. तिला सायकल हवीच, फक्त ती नको. अॅल्युमिनियमची, ड्रॉप हँडलची, साध्या शिमानो गिअरची रोड बाइक साठ-सत्तर हजारांच्या आत मिळते, जुनी चांगली मिळाली तर आणखी स्वस्त. फ्रेमचा आकार तिच्या उंचीचा असणं हे कार्बनपेक्षा कितीतरी महत्त्वाचं. उरलेल्या पैशांतला थोडा भाग बाजूला ठेवा: चांगलं हेल्मेट, पॅडची शॉर्ट, दोन टायर, ट्यूब, साखळी, पुढचा-मागचा दिवा, आणि सगळ्यांत मोठा खर्च म्हणजे स्पर्धेला जायचं-यायचं भाडं आणि राहणं. खर्च या प्रवासावर करा. चिखलदऱ्याच्या उतारावर पडून कार्बनची फ्रेम तडकली तर ती दुरुस्त करणारा जवळपास सापडायचा नाही. राष्ट्रीय ज्युनिअरमध्ये ती पहिल्या दहात आली, तर कार्बनचा विचार तेव्हा करू, आणि तेव्हा कुणीतरी मदतीलाही उभं राहील.

संत्र्याचं कलम लावल्यावर फळ धरायला चार-पाच वर्षं जातात. तोवर तुम्ही ओळींच्या मधे आंतरपीक घेताच. तिची बारावी हे तसं आंतरपीक समजा. ते बुडवायचं नाही. रेल्वे असो, पोलीस असो, शारीरिक शिक्षण असो, सगळीकडे शिक्षणाची अट आहे. परीक्षेच्या काळात सराव निम्मा करा, पण बंद नको.

शरीराबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण मुलींच्या बाबतीत हेच राहून जातं. पहिल्या महिन्यातच रक्त तपासा. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर ती कितीही सराव करो, दम पुरणार नाही. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठाही पाहायला सांगा. पाळी अनियमित झाली किंवा बंद झाली तर 'खेळामुळे होतंच' म्हणून सोडू नका. बहुतेकदा सरावाच्या मानानं खाणं कमी पडत असतं आणि त्याचा परिणाम हाडांवर होतो. डॉक्टरला दाखवा. घाट चढायला हलकं शरीर लागतं असं मोबाइलवर पाहून ती भाकर कमी करेल. करू देऊ नका. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंडी, दही, शेंगदाणे, गूळ, केळी एवढं पोटभर मिळालं तरी पुष्कळ. दीड तासाच्या वर सायकल असेल तर चालवतानाच खायचं, तासाला एक-दोन केळी किंवा चिक्की, आणि पाण्यात मीठ-साखर. जिममधल्या कुणी दिलेली पावडर, गोळी, इंजेक्शन घरात येऊ देऊ नका. उत्तेजकात सापडली तर चार-चार वर्षांची बंदी येते, आणि 'आम्हाला माहीत नव्हतं' हे कारण चालत नाही.

रस्त्याचं सांगायचं तर, एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो. साडेपाचला निघून आठच्या आत परत. पण उजाडण्याआधी घाटात एकटीनं नाही. ते मेळघाटचं रान आहे, अस्वल-बिबट्याचं आहे. अंधार असेल तोवर सपाटीवर, उजाडलं की चढावर, आणि मागे घरातलं कुणीतरी मोटारसायकलवर. संत्र्याच्या हंगामात परतवाडा-अमरावती रस्त्यावर ट्रक वाढले की त्या बाजूला जाऊच नये, गावातल्या आतल्या डांबरी रस्त्यांवर फेऱ्या माराव्यात. समृद्धी महामार्गावर सायकलला परवानगी नाही, तो विषयच नको.

वहिनींची भीती खोटी नाही. सायकलपटू पडतात. बहुतेकदा कातडी सोलते, कधी खांद्याचं हाड मोडतं. हेल्मेट आणि घोळक्यातलं शिक्षण यांनी धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. हे त्यांना सरळ सांगा. रंगाचं म्हणाल तर पूर्ण बाह्यांची जर्सी घाला आणि सनस्क्रीन लावा, कातडी भाजू नये म्हणून. काळी पडली म्हणून खेळ सोडायचा नसतो. शॉर्टवरून गावात कुणी बोललं तर उत्तर तुम्ही द्यायचं, भाऊ, मुलीनं नाही.

दोन वर्षांनी काय पाहायचं तेही आत्ताच घरात ठरवून टाका. राष्ट्रीय ज्युनिअरमध्ये पहिल्या दहात असेल तर दिल्लीची अकादमी, आशियाई स्पर्धा आणि त्यापुढे परदेशाचं स्वप्न, सगळं खरं मानून चाला. राज्यात पदकं असतील पण राष्ट्रीयमध्ये मागे असेल तर पदवी आणि खेळाडू भरती. राज्यातही मागे राहिली तर हौस म्हणून चालवू दे, आणि तिला दोष देऊ नका. हा हिशेब तिच्यासमोर मांडा, तिच्याच वहीत तिला लिहायला लावा.

आणि पहिल्या मोठ्या शर्यतीला वहिनींना सोबत न्या. लांबच्या शर्यतीत एका ठरलेल्या जागी रायडरला चालत्या सायकलवर बाटली देता येते, आणि ती देणारं ओळखीचं माणूस लागतं. आधी गावातल्या रस्त्यावर सराव करून घ्या: रस्त्याच्या कडेला स्थिर उभं राहायचं, धावायचं नाही, बाटली वरच्या टोकाला दोन बोटांत सैल धरायची, हात बाहेर काढायचा, आणि तिची पकड बसली की लगेच सोडून द्यायची.